खरें बोलणारा कांटा

श्रोतेहो, घड्याळ बंद पडलें तर आपण शेजाऱ्यास वेळ विचारतों. पण चालतें घड्याळ अर्धा तास मागें असेल, तर आपली आगगाडी चुकते. कांहींच न सांगणाऱ्या यंत्रापेक्षां ठामपणें खोटें सांगणारें यंत्र अधिक घातक, हा व्यवहारांतला अनुभव मोटारींतील पेट्रोलच्या कांट्यास तंतोतंत लागू पडतो. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींत फेरफार करून त्या हौसेनें चालविणाऱ्या मंडळींस तर तो हटकून येतो. हा कांटा फसवितो कां, आणि त्यास पुन्हां खरें बोलावयास कसें लावावें, हें आज थोडक्यांत पाहूं.

असा कांटा प्रत्येक मोटारींत पूर्वीं असेच असें नाहीं. इंग्लंडांतील एम. जी. टी. डी. या गाडींत पेट्रोल कमी झाल्याचा इशारा देणारा एक दिवा तेवढा असे. फोक्सवॅगनच्या बीटल गाडींत १९६१ पर्यंत कांटा नव्हता. इंजिन आचके देऊं लागलें कीं पायापाशींची तोटी फिरवून राखीव पेट्रोल सोडावयाचें. पहिल्या लोटस सेव्हन गाड्यांत तर टांकींत काठी बुडवून ती किती भिजली हें पाहात. पण हे लोक सहसा फसत नसत. कारण आपणांस नक्की ठाऊक नाहीं, हें त्यांस ठाऊक असे.

आतां एक उदाहरण घेऊं. एम. जी. बी. ही उघडी दोन आसनी गाडी अॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती. तिच्या डॅशबोर्डवरील कांट्यास पेट्रोल दिसत नाहीं. त्यास समजते ती फक्त वीज. टांकींत एक हलका तरंगणारा डबा, म्हणजे फ्लोट, असतो. त्याचा दांडा वरखालीं होतांना तारेच्या वेटोळ्यावर एक टोक सरकतें आणि विजेच्या मार्गांतील अडथळा कमीअधिक होतो. या भागास सेंडर म्हणतात. पहिलीं कांहीं वर्षें वगळतां या गाडीच्या कांट्यांत दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज वाहिली कीं पट्टी तापते, दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्यानें ती वांकते आणि कांटा हलतो. तो सावकाश हलतो, हा त्याचा गुण. नाहींतर प्रत्येक वळणावर पेट्रोल हिंदकळतांना तोही नाचला असता. मात्र इंजिन चालूं असतांना विजेचा दाब बारा व्होल्टांवरून चौदांच्या वर जातो. त्यानें कांटा चढूं नये म्हणून दाब सरासरी दहा व्होल्टांवर राखणारी एक लहान डबी डॅशबोर्डमागें बसविलेली असते.

मूळच्या गाडींत हीं तिन्हीं एकमेकांस जुळवलेलीं असतात. हौशी मालक नवी अॅल्युमिनियमची टांकी घालतो, तिच्याबरोबर मिळालेला सेंडर बसवितो, आणि जुनी तबकडी शोभते म्हणून तशीच ठेवतो. येथेंच घोटाळा होतो. अडथळा ओहम या मापानें मोजतात. मूळ ब्रिटिश सेंडरचा अडथळा टांकी रिकामी असतां सुमारें २५० ओहम व भरलेली असतां सुमारें २० असतो. युरोपांतील एका प्रचलित पद्धतींत मात्र रिकाम्या टांकीस १० व भरलेल्या टांकीस १८० ओहम असतात. म्हणजे क्रमच उलटा! अशी जोडी जमली तर भरल्या टांकीवर कांटा जवळजवळ तळाशीं राहतो, आणि पेट्रोल जळत जाईल तसतसा वर चढतो. रात्रीं निर्जन रस्त्यावर गाडी थांबते तेव्हां तबकडी सांगत असते, 'टांकी भरलेली आहे!'

उपाय दोन. शक्य तर कांट्यास जुळणारा सेंडर घ्यावा. एका अमेरिकन पद्धतीचा सेंडर रिकाम्या टांकीस २४० व भरलेलीस ३३ ओहमांचा असतो. त्याचा क्रम ब्रिटिश कांट्याशीं जुळतो. तें न जमल्यास एका पद्धतीची भाषा दुसरींत फिरविणारें लहानसें विद्युत्‌यंत्र मिळतें, तें मध्यें जोडावें. सेंडर टांकींत घालण्यापूर्वींच दांडा हातानें वरखालीं करून ओहममापकानें दोन्ही टोकांचे आंकडे पाहावे. दांडा नव्या टांकीच्या तळापासून माथ्यापर्यंत मोकळा फिरतो कीं नाहीं हेंही पाहावें. नसेल तर तो बेतानें वांकवावा किंवा योग्य लांबीचा घ्यावा. टांकी रबरावर बसविली असेल, तर वीज परत जाण्यास सेंडरपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत वेगळी तार ओढावी. दाब राखणाऱ्या डबीचीही सांगाड्याशीं पक्की जोड हवी. ती तुटली तर कांटा असेल त्याहून अधिक पेट्रोल दाखवितो.

येथें एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती खालीं सांचते आणि दूरच्या ठिणगीनेंही पेटते. नुकतीच रिकामी केलेली टांकी भरलेल्या टांकीहून निर्धोक असते असें समजूं नये. तिच्यांतील वाफ अधिक भयंकर. म्हणून बॅटरीची तार आधीं काढावी, काम उघड्यावर करावें, जवळपास दिवा वा सिगारेट नसावी, आणि सेंडरखालील जोडचकती पेट्रोलानें न विरघळणारी असावी.

सर्व जोडून झाल्यावर शेवटची परीक्षा उरते. बहुतेक टांक्या वरखालीं सारख्या रुंद नसल्यामुळें अर्ध्या उंचीवर अर्धें पेट्रोल असतेंच असें नाहीं. रिकाम्या टांकींत पांच पांच लिटर मोजून ओतावें, दर वेळीं टांकीचें झांकण लावून विजेची किल्ली फिरवावी, कांटा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावें, आणि तो कोठें आला तें वहींत टिपून घ्यावें. ही वही गाडींत ठेवावी. कांटा पावावर असतांना नऊ लिटर आहेत कीं चौदा, हें ज्यास माहीत आहे त्याची कधीं फसगत होत नाहीं.

श्रोतेहो, तबकडी चकचकीत करणें सोपें आहे. तिचें बोलणें पडताळून पाहण्यास एक दुपार खर्चावी लागते. पण ती दुपार खर्चल्यावरच त्या कांट्यावर विश्वास टाकण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होतो.