पिंजऱ्यातून दिसलेला शार्क

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की पहिली चिंता असते, 'डेटा कुठून आणू?' माझं म्हणणं, त्याच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मी कुठे बसून बघतोय?

हे मला उशिरा कळलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राण्यांच्या नोंदी घेतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. माझा पहिला प्रस्ताव त्या नोंदींवरच होता. जठारपेठेतल्या आमच्या शेजारच्या काकांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर ते म्हणाले, "मानसं मचानावर बसले असन, तं जनावर पान्यावर येईन कायले?" मी हसून सोडून दिलं. महिनाभरानं प्रस्ताव परत आला. मार्गदर्शकांचा शेरा तोच होता, फक्त भाषा पुस्तकी होती.

म्हणजे अडचण ही: आपण बघतोय म्हणून प्राणी वेगळा वागत असेल, तर आपण नेमकं काय मोजलं? याचं सगळ्यात ठळक उदाहरण मला अकोल्यापासून फार लांब, समुद्रात सापडलं.

ग्रेट व्हाइट शार्क बघायला माणूस लोखंडी पिंजऱ्यात बसून पाण्यात उतरतो. याची सुरुवात ऑस्ट्रेलियाच्या रॉडनी फॉक्स यांच्यापासून सांगतात. १९६३ मध्ये भाल्यानं मासे मारण्याच्या स्पर्धेत त्यांच्यावर शार्कनं हल्ला केला. ते वाचले, आणि पुढे त्यांनीच असा पिंजरा बनवला. आज दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नेपच्यून बेटांजवळ हा मोठा पर्यटन व्यवसाय आहे. शार्क जवळ यावा म्हणून माशांचा चुरा पाण्यात सोडतात आणि दोराला ट्यूना बांधून आमिष दाखवतात.

आता समजा, तुम्ही पिंजऱ्यात बसून शार्क मोजले. तुमच्या यादीत कोण येणार? आमिषाला आलेले. जे आलेच नाहीत ते तुमच्यासाठी अस्तित्वातच नाहीत. शिवाय तोच शार्क चार वेळा आला, तर तो चार होतो. 'शार्क वाढले' आणि 'शार्क जास्त थांबायला लागले' यांतला फरक पिंजऱ्यातून दिसत नाही.

म्हणून संशोधक पिंजऱ्याच्या बाहेर आले. शार्कच्या अंगावर आवाजी संकेत देणारा टॅग लावायचा आणि समुद्रतळाशी तो संकेत टिपणारं यंत्र ठेवायचं. बोट असो वा नसो, नोंद चालूच. ब्रूस आणि ब्रॅडफर्ड यांनी २०१३ मध्ये दाखवलं की २००७ नंतर नेपच्यूनला बोटींचे दिवस वाढले, तसा शार्कांचा तिथला मुक्कामही वाढला. इथे ताकद आहे ती 'आधी आणि नंतर' या तुलनेत.

पण जास्त थांबला म्हणजे बिघडलं का? हा वेगळा प्रश्न, आणि त्याला वेगळं माप लागतं. २०१८ मधल्या एका अभ्यासात १० शार्कांवर हालचाल मोजणारी यंत्रं लावली. बोटींभोवती असताना शार्कांची हालचाल जास्त होती, म्हणजे ऊर्जाही जास्त खर्च होत होती. आमिषामागे धावून पोट भरलंच नाही, तर तो तोटाच.

उलट बाजूही वाचा. दक्षिण आफ्रिकेतल्या फॉल्स बेमधल्या २००७ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की पर्यटन मर्यादेत असेल तर शार्कांच्या वागण्यावर फारसा परिणाम होत नाही. मग खरं कोण? दोघंही असू शकतात. जागा वेगळी, बोटींचं प्रमाण वेगळं, मोजलेली गोष्टही वेगळी. साहित्याचा आढावा घेताना 'यांनी हो म्हटलं, त्यांनी नाही म्हटलं' एवढ्यावर थांबू नका. कोणी काय मोजलं, ते शेजारी शेजारी मांडा.

आता परत आपल्या जंगलाकडे येऊ. आपल्याकडे पिंजऱ्याच्या जागी जिप्सी आहे. हैदराबादच्या सीसीएमबीच्या संशोधकांनी बांधवगड आणि कान्हा इथल्या वाघांची विष्ठा गोळा केली आणि तिच्यातून ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाण मोजलं. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की पर्यटनाच्या काळात ताण जास्त होता. पद्धत बघा: वाघ दिसायची गरजच नाही, म्हणजे बघणाऱ्याचा त्रासही नाही.

तरी लगेच मान डोलावू नका. आपल्याकडे कोअरमधलं पर्यटन पावसाळ्यात बंद असतं. म्हणजे पर्यटन बदलतं तेव्हाच ऋतू, पाणी, उष्मा हेही बदलतात. यातला कोणता परिणाम कशाचा? असा अभ्यास वाचताना, आणि त्याहून जास्त तो स्वतः आखताना, हा प्रश्न आधी विचारा. शक्य असेल तर त्याच ऋतूत, पर्यटक जातात तो भाग आणि जात नाहीत तो भाग, अशी तुलना घ्या.

तर प्रस्ताव पाठवण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. माझ्या नोंदीत कोण येणारच नाही? माझ्या असण्यानं काय बदलतं? मी नसतानाची तुलना कुठून आणणार?

माझ्या दुसऱ्या प्रस्तावात मचाण नव्हतं, कॅमेरा ट्रॅप होते. तो मंजूर झाला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मंग, म्या काय म्हनलं होतं?"