अर्धवट अपग्रेड आणि संगणकाची नोंदवही

शाळेतल्या संगणकावर उबुंटू प्रणालीची नवी आवृत्ती चढवण्याचे काम चालू आहे. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत आहेत आणि मध्येच वीज जाते. वीज आल्यावर संगणक सुरू करावा, तर काळ्या पडद्यावर काही इंग्रजी ओळी उमटून तो थांबतो. अशा वेळी 'फॉरमॅट मारा' हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकला, तर मुलांचे प्रकल्प आणि वर्षभराचे गुणतक्ते पुसले जातील. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. का, ते पाहू.

उबुंटू ही १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रणालीवर आधारलेली आहे. तिच्यात सगळे कार्यक्रम 'पॅकेज' नावाच्या गठ्ठ्यांच्या रूपाने येतात. नवी आवृत्ती चढवणे म्हणजे असे शेकडो, कधी हजाराहून अधिक गठ्ठे बदलणे. 'डीपीकेजी' ही आज्ञावली ते काम दोन टप्प्यांत करते. आधी गठ्ठा उघडून फाइली जागेवर ठेवायच्या, मग त्यांची जुळणी करायची. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहिली जाते आणि नंतरच तिला जुन्या फाइलचे नाव मिळते. त्यामुळे वीज गेली, तरी फाइल पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी असते. शिवाय कोणता गठ्ठा उघडला, कोणाची जुळणी अर्धवट आहे, कोणता पक्का बसला, याची नोंद डिस्कवर होत जाते.

मग संगणक अडतो का? समजा, निम्मे शिक्षक जुन्या वेळापत्रकाने चालले आणि निम्मे नव्या. दोन्ही वेळापत्रके बरोबर आहेत, पण शाळा चालणार नाही. इथेही तसेच होते. म्हणून उपाय पुसण्याचा नाही, राहिलेले काम पुरे करण्याचा आहे.

सर्वांत आधी दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा पेनड्राइव्ह तयार करावा. त्यावरून अडलेला संगणक 'ट्राय' हा पर्याय निवडून सुरू करावा आणि मुलांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. 'इन्स्टॉल'ला हात लावू नये.

आता पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. सुरुवातीलाच शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबली, की 'ग्रब'ची यादी येते. तिच्यातल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये बहुधा जुने कर्नलही शिल्लक असते. त्याचा 'रिकव्हरी मोड' निवडावा. तिथे 'नेटवर्क' आणि मग 'रूट' हे पर्याय घ्यावेत. पुढच्या आज्ञा रोमन लहान अक्षरांत टंकायच्या आहेत. 'डीएफ -एच' या आज्ञेने डिस्कवर जागा आहे ना, ते पाहावे. जागा संपल्यानेही अपग्रेड अडते. मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा द्यावी. ती नोंदवही वाचून राहिलेल्या जुळण्या पुऱ्या करते. त्यानंतर 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' अपुरे गठ्ठे आणते आणि 'एपीटी फुल-अपग्रेड' उरलेले बदलते. डिस्कच बिघडली असेल, तर मात्र हा उपाय चालणार नाही. तेव्हा फाइली आधी उतरवून घेतल्याचे महत्त्व कळते.

हे तत्त्व वर्गातही दाखवता येईल. चार मुलांना वीस पुस्तके एका कपाटातून दुसऱ्यात हलवायला सांगा. प्रत्येक पुस्तक उचलताना आणि ठेवताना वहीत नोंद करायची. मध्येच घंटा द्या आणि पुढचे काम दुसऱ्या चौघांना फक्त वही पाहून करू द्या. नंतर हाच खेळ वहीशिवाय खेळा. काम मोडले तरी ते सावरते कशामुळे, हे मुले आपणहून सांगतील.