मोरपंखीला शेंदरी शेजार

फैजपूरला थंडी पडते, हे पुण्या-मुंबईकडच्यांना पटवावं लागतं. जळगाव म्हटलं की त्यांना मे महिनाच आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याकडून गार वारं सुटलं की केळीला चरका बसतो आणि ट्रंकेतले स्वेटर बाहेर येतात. बहुतेक मरून, नाहीतर राखी. मावशीनं माझ्यासाठी विणलेला मात्र मोरपंखी होता, छातीवर शेंदरी आणि लिंबाच्या रंगाच्या नागमोडी पट्ट्या. तो घालून शाळेत जायची मला लाज वाटे.

मावशीचा रंगांचा हिशेब साडीवरून आलेला. हिरव्या साडीला लाल काठ शोभतो, जांभळ्या अंगाला पिवळा पदर चालतो. मग स्वेटरनंच काय घोडं मारलंय? पातळ लोकरीचे दोन रंग एकत्र धरून ती धूपछाँवसुद्धा विणायची.

गावही रंगाऱ्यांचं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात फैजपूरची ओळख छापील सुती कापड आणि निळा व लाल रंग यांसाठी आहे. लाल रंग आलीच्या मुळांचा, तो धरायला तुरटी. निळीची गंमत और: कापड पिंपातून बाहेर येतं तेव्हा हिरवट-पिवळं असतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. १८६८मध्ये जर्मनीत कृत्रिम अलिझरिन तयार झालं, १८९७मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि मुळांचे-पानांचे रंग मागे पडले. पुढे १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन इथं भरलं, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, इथल्याच वस्तूंतून अधिवेशनासाठी उभारलेलं अख्खं टिळकनगर सजवलं.

विणकामात रंगाची खरी परीक्षा सुईवरच होते. लोकरीचे गुंडे शेजारी ठेवून छान दिसलेले दोन रंग टाक्यांत एकमेकांत मिसळून मळकट दिसतात, कारण टाका लहान असतो आणि डोळा लांबून रंगाआधी उजेड-अंधार पाहतो. एक फिका, एक गडद असेल तर नक्षी उठून दिसते. दोन्ही सारखेच गडद असतील तर लाल-हिरवंसुद्धा बुडतं. मावशी त्यासाठी डोळे किलकिले करून बघायची. आता मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला की तेच कळतं.

रंग बदलल्यावरची पहिली ओळ समोरून सुलटीच घ्यायची. उलटी घेतली तर जुन्या रंगाचे ठिपके वर डोकावतात. शेटलंड बेटांकडच्या फेअर आयल विणीत स्वेटरभर कितीही रंग असोत, एका ओळीत दोनच चालतात. न लागणारा धागा मागून जातो. तो ओढला की स्वेटर आखडतो, सैल सोडला की बाळाची बोटं अडकतात. म्हणून चार-पाच टाक्यांनी तो दुसऱ्या धाग्यात गुंतवायचा. मावशी कुणाचाही स्वेटर हातात आला की आधी उलटा करून बघायची, मग बोलायची.

केफ फॅसेट हा अमेरिकी चित्रकार स्कॉटलंडच्या गिरणीतल्या लोकरीवर भाळला, वीस रंग घेऊन निघाला आणि परतीच्या रेल्वेत एका सहप्रवासी बाईकडून विणायला शिकला. मावशीला मी त्याच्या पुस्तकाची पानं दाखवली, तर ती म्हणाली, ‘‘चांगलं आहे रे. पण एवढ्या टोकांची शिवण कोण करील?’’ प्रश्न रास्त होता. दर रंगबदलाला दोन टोकं उरतात, आणि ती सुईनं आत दडवताना अख्खी संध्याकाळ जाते.

माझा तो स्वेटर तिनं पुढे उसवला. लोकरीच्या लड्या केल्या, धुऊन वजन लावून वाळत घातल्या. वळ्या सरळ झाल्या. मोरपंखी आता नातीच्या टोपीत आहे, आणि या वेळी त्याच्या शेजारी राणी रंग.