शिकणारा स्पॉन्सर आणि जोडीदाराचे ग्रीन कार्ड

मुलगा अमेरिकेचा नागरिक, पण अजून एम.एस. करतोय, मुलगी पुण्याची. अशा लग्नात दोन्ही घरे बहुधा एकाच निष्कर्षाला येतात: त्याला नोकरी लागल्याशिवाय तिचे ग्रीन कार्ड होणार नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. सरकारला स्पॉन्सरच्या करिअरशी देणेघेणे नसते. येणारी व्यक्ती उद्या सरकारी मदतीवर आली, तर वसुली कुणाकडून करायची, एवढे त्याला लेखी हवे असते. 1996 च्या कायद्यातून आलेले आय-864 हे हमीपत्र म्हणजे सरळ जामीनकी आहे, आणि जामीनदाराची ऐपत बघतात, धंदा नाही. हे सारे अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यापुरते. स्वतःच एफ-1 व्हिसावर गेलेला विद्यार्थी बायकोला एफ-2 वर नेतो, तेव्हा आय-864 लागतच नाही. तिथे दोघांच्या खर्चाची सोय दाखवून विद्यापीठाकडून तिच्या नावाचा आय-20 घ्यायचा असतो, आणि पैसे आईवडिलांचेही चालतात.

ऐपतीचा आकडाही ऐकीव आकड्यांपेक्षा लहान आहे. दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के, म्हणजे 2025 च्या तक्त्यानुसार दोघांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे 26,437 डॉलर (अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे, तक्ता दरवर्षी बदलतो). असिस्टंटशिपचा पगार उत्पन्नात धरतात. शैक्षणिक कर्ज हातात आले म्हणून ते उत्पन्न ठरत नाही, आणि डोक्यावर आहे म्हणून उत्पन्नातून वजाही होत नाही. तूट राहिली तर मालमत्ता दाखवता येते, तीही नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या फक्त तिप्पट. इतर बहुतेक नात्यांत पाचपट लागते. समजा मुलाचा पगार 16,437 डॉलर आहे. तूट दहा हजारांची, म्हणून मालमत्ता तीस हजारांची हवी. ती मुलीच्या नावावरची मुदत ठेव असली तरी चालते, हे फार थोड्यांना माहीत असते. तिचा फ्लॅटही चालतो, कर्ज वजा जाता उरलेल्या किमतीला. अट एवढीच की मालमत्ता वर्षभरात रोख करता यावी आणि तो पैसा भारताबाहेर नेता यावा. चार चुलत भावांच्या सह्या लागणारा वाड्यातला हिस्सा इथे कामाचा नाही.

मग मुलीच्या वडिलांनीच हमी का देऊ नये? देता येत नाही, त्यांची कितीही ऐपत असली तरी. मुलाच्या जोडीला हमी देणारा, म्हणजे जॉइंट स्पॉन्सर, अठरा वर्षांवरचा, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि अमेरिकेत राहणारा हवा. नाते मात्र लागत नाही. न्यू जर्सीतला काका चालतो, तसा मित्रही. पण त्याचे उत्पन्न मुलाच्या पगारात मिळवून बेरीज करता येत नाही, त्याला एकट्याला मर्यादा गाठावी लागते. काकाच्या घरी चार माणसे असतील, तर येणारी धरून पाच जणांचे म्हणजे 2025 च्या हिशेबाने 47,062 डॉलर. शिवाय काकाने सही केली म्हणून मुलगा सुटत नाही. शून्य उत्पन्न असले तरी त्याला स्वतःचे आय-864 भरावेच लागते.

यावर दोन आक्षेप निघतात. एक, आकडा गाठूनही अधिकारी अडवतातच. ते खरे आहे, कारण ही व्यक्ती पुढे सरकारी मदतीवर अवलंबून राहील का, हे ठरवताना वय, आरोग्य, शिक्षण आणि कौशल्यही पाहिले जाते. म्हणूनच मुलीची पदवी आणि नोकरीचा अनुभव यांचे कागद फाइलला जोडलेले बरे. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: काकाची सही म्हणजे नुसती औपचारिकता. मला हा गैरसमज सर्वांत महागाचा वाटतो. घटस्फोटाने ही जबाबदारी संपत नाही. मुलगी नागरिक झाली, तिच्या खात्यावर कामाच्या 40 तिमाह्या (साधारण दहा वर्षे) जमा झाल्या, ती कायमच्या वास्तव्याचा हक्क सोडून देशाबाहेर गेली, किंवा तिचा वा हमीदाराचा मृत्यू झाला, तरच ती पुढे चालू राहत नाही. तोवर सरकारी मदतीची रक्कम वसूल करता येते, आणि ठरलेल्या पातळीइतका आधार मिळाला नाही तर स्वतः मुलगीही हमीदारावर दावा लावू शकते, नवऱ्यावर आणि काकावरही.