लॅपटॉपचे रिव्ह्यू कसे वाचायचे? खरेदीआधीचा छोटासा लिटरेचर रिव्ह्यू

पीएचडीला प्रवेश मिळाला की गाईडच्या पाठोपाठ दुसरी मोठी निवड करावी लागते ती लॅपटॉपची. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिन्याला ३७,००० रुपये झाली आहे. म्हणजे ६५-७० हजारांचा लॅपटॉप घेतला की जवळजवळ दोन महिन्यांची फेलोशिप गेली. ज्यांना फेलोशिप नाही त्यांच्यासाठी हा थेट घरच्यांच्या खिशाचा प्रश्न. शिवाय मशीन थीसिस सबमिट होईपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं टिकायला हवं.

आज आपण बघणार आहोत मधल्या किमतीच्या मल्टिमीडिया लॅपटॉपबद्दल. म्हणजे नुसता टायपिंगचा नाही आणि फक्त गेमिंगचाही नाही. स्क्रीन चांगला, आवाज बरा आणि ग्राफिक्सला थोडी ताकद, असा. मायक्रोस्कोपच्या इमेजेस, पेपरच्या आकृत्या, लेक्चरचे व्हिडिओ, ऑनलाइन सेमिनार या सगळ्याला तो पुरतो. कुठला घ्या हे मी सांगणार नाही, कारण मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात. रिव्ह्यू वाचायची पद्धत मात्र बदलत नाही, आणि तुम्ही पेपर जसे वाचायला शिकणार आहात तशीच ती आहे.

१. आधी प्रश्न लिहा, मग रिव्ह्यू उघडा

प्रयोगात निकष आधी ठरवतात, डेटा नंतर बघतात. उलटं केलं की जो निकाल आवडला त्याला साजेसा निकष आपण शोधतो. लॅपटॉपचंही तसंच होतं. एखाद्या व्हिडिओत स्पीकरचं कौतुक ऐकलं की आपल्याला अचानक स्पीकर महत्त्वाचे वाटू लागतात.

म्हणून कागदावर चार-पाच ओळी लिहा. रोजचं काम काय? चार्जर न लावता किती तास हवेत? रंग अचूक दिसायला हवेत का? मशीन कुठल्या खोलीत चालणार? बजेटची वरची मर्यादा किती? रिव्ह्यू वाचताना ही यादी बदलायची नाही. अगदीच बदलावी लागली तर कारण लिहून ठेवा.

२. नाव एक, मशीन अनेक

पेपर वाचताना आपण पहिल्यांदा सॅम्पल बघतो. इथेही रिव्ह्यूतलं मशीन आणि तुम्ही घेणार ते मशीन एकच आहे का, हे आधी तपासा. एकाच नावाखाली वेगळा प्रोसेसर, वेगळा स्क्रीन, वेगळी रॅम विकली जाते. परदेशातल्या रिव्ह्यूतलं कॉन्फिगरेशन भारतात मिळेलच असं नाही. म्हणून पूर्ण मॉडेल नंबर जुळवायचा, नुसतं मालिकेचं नाव नाही.

तीन उदाहरणं बघू.

रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७६४०यू ही नावं भावंडांसारखी वाटतात. पण एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. २ म्हणजे झेन २, ४ म्हणजे झेन ४. मध्ये बराच फरक आहे.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० हे लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत चालवता येतं. किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. "३०५० आहे" एवढंच सांगणारा रिव्ह्यू अर्धवट आहे.

तिसरं, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमधलं आयरिस एक्सई ग्राफिक्स. रॅमची एकच पट्टी असेल तर तेच ग्राफिक्स साधं 'यूएचडी' म्हणून दिसतं आणि संथही होतं. रिव्ह्यूत ८ अधिक ८ जीबी आणि तुमच्याकडे १६ जीबीची एकच पट्टी, तर त्यातले ग्राफिक्सचे आकडे तुम्हाला लागू नाहीत.

३. आकडा दिसला की अट विचारा

समजा एक रिव्ह्यू म्हणतो बॅटरी ११ तास चालली, दुसरा म्हणतो साडेपाच. खोटं कोण बोलतंय? कदाचित कुणीच नाही. बॅटरीची क्षमता ५६ वॅट-अवर असेल तर तिला तासांनी भागा. पहिल्याकडे सरासरी खर्च सुमारे ५ वॅट आला, दुसऱ्याकडे सुमारे १०. वायफाय बंद, ब्राइटनेस कमी आणि डिस्कवरचा व्हिडिओ असेल तर ५ वॅट शक्य आहे. ब्राउझरमध्ये वीस टॅब, वायफाय चालू आणि उजळ स्क्रीन असेल तर १० वॅट सहज होतात. तुमचं काम दुसऱ्यासारखं असेल तर तुमचा आकडा साडेपाच.

वेगाचंही तसंच. प्रोसेसर सुरुवातीला थोडा वेळ जास्त वीज घेऊन जोरात धावतो, मग तापतो आणि मंदावतो. टेस्ट एकदाच चालवली की हा सुरुवातीचा जोरच मोजला जातो. नोटबुकचेकसारख्या ठिकाणी तीच टेस्ट पुन्हा पुन्हा चालवून आलेख देतात. तो कितपत सपाट आहे ते बघा. तासभर सिम्युलेशन चालवणाऱ्याला पहिल्या मिनिटाचा वेग काय कामाचा? आणि खोलीचं तापमानही विचारात घ्या. एसीत २२ अंशांवर झालेली टेस्ट मे महिन्यात नागपूरच्या हॉस्टेलमध्ये तशीच्या तशी लागू होणार नाही.

स्क्रीनसाठी दोन आकडे शोधा. ब्राइटनेस निट्समध्ये आणि रंगांची व्याप्ती. जाहिरातीत "४५ टक्के एनटीएससी" लिहिलं असेल तर ते साधारण ६० ते ६५ टक्के एसआरजीबी होतं, म्हणजे रंग फिके. फ्लुरोसन्सच्या इमेजेस बघणाऱ्याने जवळजवळ पूर्ण, म्हणजे १०० टक्क्यांच्या आसपास एसआरजीबी दाखवणारा पॅनेलच घ्यावा. "डिस्प्ले मस्त आहे" हे मत झालं, मोजमाप नाही.

४. ताऱ्यांची सरासरी फसवी का असते?

शॉपिंग साइटवर ४.२ तारे बघून आपण निवांत होतो. पण हे तारे देतं कोण? नान हू, पॉल पाव्लू आणि जी झांग यांनी २००९ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये दाखवलं की ऑनलाइन रेटिंगचा आलेख बहुतेकदा इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दिसतो. पाच तारे खूप, एक तारा थोडे, मधले अगदी कमी. कारणं दोन. एक, वस्तू आवडेल असं वाटतं तेच ती विकत घेतात. दोन, ठीकठाक अनुभव आलेला माणूस लिहायची तसदी घेत नाही. अशा वितरणाची सरासरी काढली तर ती कुणाच्याच अनुभवाचं वर्णन करत नाही.

तिसरी अडचण वेळेची. बहुतेक ग्राहक पहिल्या आठवड्यात लिहितात. बिजागरी सैल होणं, बॅटरी उतरणं, पंख्याचा आवाज वाढणं हे वर्षभरानंतर कळतं. म्हणून तारीख लावून वाचा आणि जुन्या खरेदीदारांनी नंतर काय लिहिलंय ते शोधा. एक ताऱ्याचे रिव्ह्यू म्हणजे वैद्यकातले केस रिपोर्ट समजा. त्यांच्यावरून बिघाडाचं प्रमाण कळत नाही, कारण एकूण विक्री किती हे माहीत नसतं. पण तीच बिजागरी, त्याच जागी, पाच अनोळखी लोकांकडे तुटली असेल तर तो इशारा आहे.

५. दहा व्हिडिओ म्हणजे दहा पुरावे नाहीत

लाँचच्या आठवड्यात आलेले बरेच रिव्ह्यू कंपनीने पाठवलेल्या मशीनवर असतात. त्यात वाईट काही नाही, पण ते एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. स्पेसिफिकेशनचा कागद वाचून दाखवणारे पाच व्हिडिओ हा एकच स्रोत मोजा. आर्टिंग्जसारखी काही मंडळी मशीन स्वतः विकत घेऊन तपासतात. त्यांचं वजन जास्त.

पेपरच्या शेवटी हितसंबंधांचा खुलासा असतो तसाच इथेही शोधा. जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआयने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी पैसे घेतल्याचं स्पष्ट लेबल लावायचे नियम आणले. ऑनलाइन रिव्ह्यू गोळा करणाऱ्या साइटसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. लेबल असलं म्हणून रिव्ह्यू टाकाऊ होत नाही. त्यातली मोजमापं घ्या, विशेषणं सोडा.

६. आता तक्ता करा

आडव्या ओळींत तुमचे निकष, उभ्या रकान्यांत तीन-चार स्वतंत्र रिव्ह्यू. प्रत्येक चौकोनात आकडा, त्याची अट आणि मशीनचं कॉन्फिगरेशन लिहा. मग तीन नियम:

– दोन आकडे भिडले तर सरासरी काढू नका. अटींमध्ये फरक कुठे आहे ते शोधा.
– दोन मॉडेलांमध्ये ३-४ टक्क्यांचा फरक असेल तर तो सोडून द्या. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही तेवढा फरक पडू शकतो, आणि रोजच्या कामात तो जाणवतही नाही.
– माहिती नसेल तर चौकोन रिकामा ठेवा. कुणी पंख्याच्या आवाजाबद्दल लिहिलं नाही म्हणजे आवाज होत नाही असं नव्हे.

लिटरेचर रिव्ह्यूत असा रिकामा चौकोन सापडला की तिथे आपला संशोधनाचा प्रश्न सुरू होतो. लॅपटॉपच्या बाबतीत ते चौकोन म्हणजे बदली किंवा परतीच्या मुदतीत तुम्ही स्वतः करायच्या टेस्ट. ऑर्डर देण्याआधीच ही मुदत किती दिवसांची आहे आणि कशासाठी लागू आहे ते वाचून घ्या. बॉक्स आला की टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे किती स्लॉट भरलेत आणि ग्राफिक्सचं नाव काय दिसतं ते बघा. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. तुमचंच रोजचं काम सलग दोन तास चालवा, तेही दुपारी, तुमच्याच खोलीत, पंखा लावून. आलेले आकडे त्याच तक्त्यात तुमच्या नावाचा रकाना करून भरा, आणि मुदत संपायच्या आत ठेवायचं की परत द्यायचं ते ठरवा.