मूर्च्छा

मूर्च्छा : मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकी अपुरा पडल्यामुळे अल्पकाळ शुद्ध हरपणे, स्नायूंचा ताण जाऊन शरीर कोसळणे आणि आडवे होताच थोड्या वेळात आपोआप पूर्ववत शुद्धीवर येणे, या घटनाक्रमाला मूर्च्छा म्हणतात. मूर्च्छा हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे. त्याच्या मुळाशी एखादी निरुपद्रवी प्रतिक्षेपी क्रिया असू शकते, त्याचप्रमाणे हृदयाचा प्राणघातक विकारही असू शकतो. रुग्ण वैद्यापुढे येतो तेव्हा घटना संपलेली असते आणि तपासणीत बहुधा काहीच दोष आढळत नाही. त्यामुळे मूर्च्छेचे निदान इतर बहुतेक विकारांच्या निदानापेक्षा कथनावर अधिक अवलंबून असते. रुग्णाने काय सांगितले, पाहणाऱ्याने काय पाहिले आणि वैद्याने किती ऐकून घेतले, यांवर ते ठरते.

संज्ञा : बोलीभाषेतील शब्दांमुळे या विषयात बराच घोटाळा होतो. ‘चक्कर आली’ या एकाच वाक्याने मराठी भाषक किमान तीन निरनिराळे अनुभव व्यक्त करतो : आजूबाजूच्या वस्तू गरगर फिरत असल्याचा भास, डोळ्यांपुढे अंधारी येऊन तोल जाणे, आणि प्रत्यक्ष शुद्ध हरपणे. पहिल्या अनुभवाचे मूळ बहुधा अंतर्कर्णात असते, तर उरलेल्या दोहोंचे रक्ताभिसरणात. भोवळ आणि घेरी हे शब्दही असेच सैलपणे वापरले जातात. हातपाय झाडले गेले किंवा दातखीळ बसली की ‘फिट आली’ असे म्हणतात व घटना अपस्माराच्या खात्यात जमा होते. म्हणून रुग्णाने वापरलेला शब्द तसाच टिपून न घेता त्यामागील अनुभव विचारून घेणे, ही निदानाची पहिली पायरी होय.

इतिहास : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा व संन्यास अशा तीन चढत्या अवस्था वर्णिल्या आहेत. पहिल्या दोन अवस्था दोषांचा वेग ओसरल्यावर आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, हा तेथे सांगितलेला भेद आजही महत्त्वाचा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूर्च्छेचे सहा प्रकार दिले असून रक्ताच्या वासाने येणाऱ्या मूर्च्छेचा त्यांत समावेश आहे. यूरोपात रॉबर्ट ॲडम्स (१८२७) व विल्यम स्टोक्स (१८४६) या डब्लिनच्या वैद्यांनी मंद नाडी आणि बेशुद्धीचे झटके यांचा संबंध दाखवून दिला. सर टॉमस ल्यूइस यांनी १९३२ मध्ये रक्तवाहिन्या प्रसरण पावणे आणि प्राणेशा तंत्रिकेच्या प्रभावाने नाडी मंदावणे या दोन्ही क्रिया नेहमीच्या मूर्च्छेत एकत्र घडतात, हे दर्शविणारी संज्ञा रूढ केली. दिवसभराचा विद्युत् हृल्लेख नोंदविणारे नॉर्मन होल्टर यांचे फिरते उपकरण १९६१ मध्ये प्रसिद्धीस आले आणि अस्पष्ट मूर्च्छेसाठी तिरप्या मंचावरील चाचणीचा उपयोग १९८६ मध्ये मांडला गेला.

घडते कसे : मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या केवळ सु. २% असले, तरी विश्रांत अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सु. १५% रक्त त्याला लागते. हा प्रवाह ६ ते ८ सेकंद खंडित झाला, तरी शुद्ध हरपते. माणूस उभा राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे सु. ५०० ते ८०० मिली. रक्त पाय व उदर यांतील नीलांमध्ये उतरते. अनुकंपी तंत्रिका तंत्र लगेच रक्तवाहिन्यांचे आकुंचन घडवून व हृद्‌गती वाढवून ही उणीव भरून काढते. ही भरपाई उशिरा झाली, अपुरी पडली किंवा मध्येच उलटली, तर रक्तदाब कोसळतो. जमिनीवर पडताच मेंदू हृदयाच्या पातळीवर येतो व शुद्ध परत येते. अशा वेळी रुग्णाला धरून उभे करणे वा खुर्चीत बसविणे म्हणजे शरीराने योजलेल्या उपायातच अडथळा आणणे होय.

कारणे : कारणांचे तीन मुख्य वर्ग मानतात. (१) प्रतिक्षेपी मूर्च्छा : हा सर्वांत सामान्य प्रकार होय. दीर्घकाळ उभे राहणे, उष्मा, वेदना, भीती, रक्तदर्शन, तसेच खोकला, मलमूत्रविसर्जन यांसारखी निमित्ते तिला पुरतात. आधी मळमळ, घाम, जांभया, दृष्टी अंधुक होणे व ऐकू येणारे आवाज दूर गेल्यासारखे वाटणे ही पूर्वलक्षणे बहुधा असतात. (२) स्थितिजन्य रक्तदाबन्यूनता : उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत प्रकुंचनीय रक्तदाब २० मिमी. वा अधिक, किंवा प्रसरणीय दाब १० मिमी. वा अधिक उतरतो. निर्जलीभवन, रक्तस्राव, दीर्घकालीन मधुमेह आणि औषधे ही तिची कारणे आहेत. (३) हृद्‌जन्य मूर्च्छा : हृदयाची लय बिघडल्याने किंवा रक्तप्रवाहाला झडपेपाशी अडथळा आल्याने ती येते. संख्येने हा वर्ग लहान असला, तरी आकस्मिक मृत्यूचा खरा धोका येथेच असतो. याखेरीज उभे राहताच रक्तदाब न उतरता हृद्‌गती दहा मिनिटांत दर मिनिटास ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढणारा एक विकार तरुणांत, विशेषतः स्त्रियांत, आढळतो. त्याची स्वतंत्र ओळख १९९३ नंतर पटली. त्यापूर्वी अशा रुग्णांच्या तक्रारी बहुधा मनाच्या मानल्या जात.

रक्तदाब कमी करणाऱ्या औषधांच्या संदर्भात परळचा उल्लेख आवश्यक आहे. तेथील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात काम करणारे हृद्‌रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि या कार्यासाठी त्यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाब औषधाने उतरविता येऊ लागला, ही मोठी प्रगती होती. मात्र तो उभे राहताना गरजेपेक्षा अधिक उतरून मूर्च्छा येण्याची शक्यताही तिच्यासोबत आली. वृद्ध रुग्णाच्या मूर्च्छेत औषधांची यादी तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मुंबईतील परिस्थिती : मूर्च्छेला निमित्त होणारी परिस्थिती दक्षिण व मध्य मुंबईच्या जीवनक्रमात दीर्घकाळ एकवटलेली दिसते. परळ, लालबाग या गिरणगावच्या भागात कापड गिरण्या चालू असताना सूत तुटू नये म्हणून साळखात्यातील हवा कृत्रिम रीत्या दमट ठेवीत. दमट हवेत घाम वाळत नाही, त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि उभ्याने काम करणाऱ्याच्या पायांत रक्त साचते. अशा कृत्रिम दमटपणाचे नियमन करण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात करण्यात आली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या, तरी निमित्ते सरली नाहीत. सकाळी उपाशीपोटी दादरला गाडी बदलून गर्दीत उभ्याने केलेला प्रवास, स्वच्छतागृहाच्या अभावी पाणी कमी पिण्याची स्त्रियांची सवय, हरतालिकेचा निर्जळी उपवास, भाद्रपदातील उकाड्यात गणपतीच्या दर्शनासाठी लागणाऱ्या लालबागच्या लांबच लांब रांगा, ही त्यांची उदाहरणे होत. गर्दीत माणसाला आडवे व्हायला जागा मिळत नाही, चहूबाजूंच्या लोकांच्या दाबाने तो उभाच राहतो आणि साधी मूर्च्छाही लांबते.

अपस्माराशी गल्लत : मूर्च्छेत हातापायांना झटके येत नाहीत, हा समज चुकीचा आहे. जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांमध्ये मुद्दाम मूर्च्छा घडवून केलेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रमुद्रित अभ्यासात सु. ९०% जणांत असे झटके दिसले. ते थोडे, अनियमित व काही सेकंदांचे असतात आणि पडल्यानंतर सुरू होतात. चेहरा पांढराफटक पडणे व शुद्ध आल्यावर लगेच भान येणे मूर्च्छेकडे निर्देश करते. जीभ कडेला चावली जाणे, चेहरा काळानिळा पडणे आणि नंतर बराच वेळ गोंधळलेली अवस्था राहणे अपस्माराकडे. डोळे उघडे राहणे किंवा कपड्यांत लघवी होणे दोन्हींतही संभवते [⟶ अपस्मार].

चुकीच्या निदानाची किंमत केवळ वैद्यकीय नसते. रुग्णाला वर्षानुवर्षे अनावश्यक गोळ्या घ्याव्या लागतात आणि हृदयातील खरा दोष तसाच राहतो. हिंदू विवाह अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहाच्या आड येणारी बाब म्हणून नमूद झाले होते. तो उल्लेख १९९९ मध्ये वगळण्यात आला. कायदा बदलला, तरी स्थळ पाहताना ‘मुलीला फिट येते’ हा शेरा पुसला जाणे सोपे नसते. अपस्मार असणाऱ्यांवरही त्यामुळे अन्याय होतोच. नसणाऱ्यांवर तो विनाकारण ओढवतो.

कथन व श्रवण : मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. नाडी व रक्तदाब ठीक असला की ‘अशक्तपणा’, ‘टेन्शन’ असे शब्द केसपेपरवर उमटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७% स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यामुळे मूर्च्छेची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला लोहाच्या गोळ्या देऊन प्रश्न मिटल्याचे मानणे सोपे जाते. रक्तक्षयाने मूर्च्छेची प्रवृत्ती वाढते, पण तो सापडला म्हणून शोध संपत नाही. अनेकदा प्रश्न सुनेला विचारला जातो आणि उत्तर सासू किंवा नवरा देतो. झटक्याआधी तिला काय जाणवले, हे मात्र तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. ‘हिस्टेरिया’ हे निदान अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेच्या वर्गीकरणातून १९८० मध्येच गळाले, तरी त्यामागील वृत्ती सर्वस्वी गेली आहे, असे म्हणता येत नाही. मानसिक कारणाने येणारी मूर्च्छासदृश अवस्था खरी असते व तिच्यावर उपचारही असतात. परंतु ते निदान तिच्या स्वतःच्या लक्षणांवरून करावयाचे असते, इतर काही सापडले नाही म्हणून नव्हे.

थोड्या वेळात नेमके ऐकले जावे यासाठी रुग्णाने प्रत्येक घटनेचे टिपण एका पानावर घेऊन जाणे उपयुक्त ठरते. त्यात दिनांक व वेळ, उभे–बसलेले–झोपलेले यांपैकी कोणती स्थिती, आधीचे खाणेपिणे, उष्मा वा श्रम, पूर्वलक्षणे, शुद्ध हरपल्याचा काळ, झालेली इजा, चालू औषधे, मासिक पाळीचा काळ आणि कुटुंबातील तरुण वयातील आकस्मिक मृत्यू यांची नोंद असावी. प्रत्यक्ष पाहणाऱ्यास सोबत न्यावे. चाळीतील शेजारी किंवा गाडीतील सहप्रवासी असल्यास त्याचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा. भ्रमणध्वनीवर कोणी घटनेचे चित्रण केले असेल, तर ते कित्येक चाचण्यांहून अधिक सांगून जाते. ‘हृदयाचे कारण नाही हे कशावरून ठरविले?’ असा सरळ प्रश्न विचारण्यात वैद्याचा अवमान नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास त्याच्या उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. दुसऱ्या तज्ञाचे मत घेताना ती उपयोगी पडतात.

तपासणी : सविस्तर वृत्तांत, शारीरिक तपासणी, आडव्या व उभ्या स्थितीत घेतलेला रक्तदाब आणि विद्युत् हृल्लेख एवढ्या साध्या साधनांनी पुष्कळ रुग्णांत कारण कळते. यांतील रक्तदाबाची चाचणी सर्वांत स्वस्त असूनही गर्दीत तीच वगळली जाते. श्रम करीत असताना किंवा झोपलेल्या स्थितीत आलेली, पूर्वलक्षणांवाचून कोसळविणारी अथवा छातीत धडधड होऊन आलेली मूर्च्छा, सदोष हृल्लेख, तसेच कुटुंबातील आकस्मिक मृत्यू ही हृद्‌रोगतज्ञाकडे तातडीने जाण्याची लक्षणे होत. गर्भधारणेच्या वयातील स्त्रीस पोटदुखीसह मूर्च्छा आल्यास अंतर्गत रक्तस्रावाची शंका घ्यावी लागते. गरजेनुसार हृदयाचे प्रतिध्वनिचित्रण, २४ तासांचा हृल्लेख व तिरप्या मंचावरील चाचणी करतात. झटके वर्षातून एखाद्या वेळीच येत असतील, तर त्वचेखाली बसविलेले छोटे यंत्र दोन-तीन वर्षे हृदयाच्या लयीवर लक्ष ठेवू शकते. एकदा काढलेला निर्दोष हृल्लेख त्या क्षणापुरताच साक्षीदार असतो.

उपचार व काळजी : मूर्च्छा आलेल्यास सपाट आडवे करून पाय वर उचलावेत व कपडे सैल करावेत. चप्पल वा कांदा हुंगविणे निरर्थक असून तोंडात पाणी घालणे घातक ठरू शकते. मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध न आल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. नाडी व श्वास थांबल्याचे दिसल्यास ताबडतोब छातीवर दाब देण्यास प्रारंभ करावा [⟶ प्रथमोपचार].

प्रतिक्षेपी प्रकारात पूर्वलक्षणे ओळखणे हाच मुख्य उपचार आहे. ती जाणवताच बसावे किंवा आडवे व्हावे. ते शक्य नसल्यास पायांची अढी घालून मांड्या आवळाव्यात व मुठी घट्ट मिटाव्यात. यामुळे रक्तदाब काही काळ सावरतो. भरपूर पाणी, ताक, पेज व वैद्याच्या सल्ल्याने थोडे अधिक मीठ यांचा उपयोग होतो. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना जादा मीठ वर्ज्य आहे. हृदयाची गती फार मंद होत असल्यास पेसमेकर बसवितात. असे यंत्र शरीरात प्रथम १९५८ मध्ये स्टॉकहोम येथे बसविण्यात आले. वाहनचालकाच्या परवान्यासाठीच्या स्वयंघोषणेत कोणत्याही कारणाने अकस्मात येणाऱ्या बेशुद्धीविषयी प्रश्न असतो. कारण कळेपर्यंत वाहन न चालविणे हे रुग्णाच्या व इतरांच्याही हिताचे असते.

सर्व तपासण्या करूनही काही रुग्णांत कारण सापडत नाही. ‘कारण अस्पष्ट’ हे प्रामाणिक निदान असून ‘काही झालेले नाही’ यापेक्षा ते सर्वस्वी भिन्न आहे. पहिल्यामुळे पुढच्या झटक्याची नोंद ठेवली जाते व फेरतपासणी होते. दुसऱ्यामुळे रुग्ण सांगणेच सोडून देतो आणि ज्या एका विकारात वेळीच केलेला उपचार प्राण वाचवू शकला असता, तोही नजरेआड राहतो.