कुसळ, मुसळ आणि शेजाऱ्याचे चांगले नाव

कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टान्त आपणां सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु बहुधा तो अर्धाच सांगितला जातो. संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू कुसळ डोळ्यातच राहू द्या, असे म्हणत नाही. आधी मुसळ काढा, म्हणजे कुसळ काढण्याइतके स्पष्ट दिसेल, असे तो शिकवतो. तेव्हा चुकीला चूक म्हणण्यास मनाई नाही. मनाई आहे ती परमेश्वराच्या न्यायासनावर बसण्यास. आपल्याला कृती दिसते, अंतःकरण दिसत नाही.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४७७) शेजाऱ्याच्या चांगल्या नावाविरुद्ध घडणारे तीन अपराध वेगळे केले आहेत. पुरेशा आधाराविना मनातल्या मनात दुसऱ्यास दोषी ठरविणे हा उतावीळ निवाडा. सबळ कारण नसताना त्याचा खरा दोष अजाण व्यक्तींना सांगणे ही परनिंदा. खोटे सांगून त्याचे नाव बिघडविणे ही बदनामी. यांतील दुसरा अपराध आपल्याला अपराध वाटतच नाही! ‘खरे तेच बोललो’ एवढ्यावर आपले समाधान होते.

पुढच्याच परिच्छेदात संत इग्नेशियस लोयोला यांचा आधार घेतला आहे. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकास पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यात आरंभीच सूचना आहे, की शेजाऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावण्यास तत्पर असावे. तसा लागत नसेल तर त्यालाच विचारावे. तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. हे लिहिणाऱ्या संताने स्वतः १५२७ साली स्पेनमधील अल्काला व सालामांका येथे केवळ संशयापोटी तुरुंगवास भोगला होता.

‘त्यालाच विचारावे’ ही मधली पायरी मी स्वतः एकदा गाळली. एका धर्मग्रामात असताना एक गृहस्थ दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन लगेच निघून जात. मी प्रवचनात नाव न घेता टोमणा मारला. लोक हसले, ते गृहस्थ मात्र यायचे थांबले. दोन महिन्यांनी कळले, की घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. ते परतल्यावर त्यांची पत्नी दुसऱ्या मिस्साला निघत असे. मी घरी जाऊन क्षमा मागितली. ‘‘फादर, एकदा विचारलं असतं तर?’’ एवढेच ते म्हणाले. नावाला लागलेला बट्टा भरून काढणे हे कर्तव्यच आहे (परिच्छेद २४८७). त्यांची संमती घेऊन पुढील रविवारी त्याच व्यासपीठावरून मी माझी चूक सांगितली.

स्वतःचा न्याय करतानाही हीच रास्त दृष्टी हवी. १५२२ साली मानरेसा येथे इग्नेशियस आधीच कबूल केलेली पापे पुन्हापुन्हा उगाळीत राहिले आणि जीव देण्याच्या विचारापर्यंत पोहोचले. पुढे त्यांनी लिहिले, की सैतान निबर मनाला अधिक निबर करतो आणि हळव्या मनाला अधिक हळवे. म्हणून निबर मनाने रोज रात्री विवेकाची कसून तपासणी करावी. क्षमा झालेले तेच पाप दर आठवड्यास घेऊन येणाऱ्याने मात्र एकच पापनिवेदक धर्मगुरू ठरवावा, रांगेच्या घाईत नव्हे तर वेळ मागून त्यांना भेटावे, आणि त्यांनी ‘हे आता पुरे’ म्हटले की तेथेच थांबावे.